मसिराची एक्सेल शीट

तर झालं असं, की गेले तीन शनिवार-रविवार मी एक एक्सेल शीट भरतोय. जुलैमध्ये ओमानच्या मसिरा बेटावर सर्फिंगला जायचं घाटतंय. चौघे जण, चार दिवस. मस्कतला नोकरी करणारा माझा कॉलेजचा मित्र दोन वर्षं मागे लागलाय, "अरे, वाळवंट थेट समुद्राला भिडलेलं, आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. लाटा सगळ्या आपल्या!"

आता मी राहतो वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर जैन, तेच. वर्क फ्रॉम होममध्ये गावी आलो तो इथेच टिकलो. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पुढे. आमचं पोहणं म्हणजे विहिरीतलं, पाठीला डबा बांधून शिकलेलं. सर्फिंगचा एकूण अनुभव काय, तर कर्नाटकात मुल्कीला गिरवलेले पाच दिवसांचे धडे. फळीवर उभा राहतो, पडतो, पुन्हा चढतो. त्यामुळे "लाटा सगळ्या आपल्या" हे वाक्य मला हल्ली जरा खटकायला लागलंय.

कारण सांगतो. मुल्कीला तिसऱ्या दिवशी मला आत ओढणाऱ्या प्रवाहानं धरलं. अशा वेळी किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचं, हे आदल्याच संध्याकाळी शिकवलेलं होतं. मला तोंडपाठ होतं. तरी मी वेड्यासारखा सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिलो आणि जागचा हललो नाही. शिकवणाऱ्यानं आधी ओरडून सांगितलं, मग स्वतः येऊन फळी धरून आडवं बाहेर काढलं. सगळा मामला दोन मिनिटांचा असेल. पण तेव्हापासून "गर्दी नको" म्हणताना मला तो ओरडणारा माणूस आठवतो. गर्दीत तोही येतो ना!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना या बाबतीत एक खास खोड आहे. नकाशावर सापडलं म्हणजे हातात आलं, असं आपल्याला वाटतं. 2007 साली अमेरिकेतल्या 'सर्फिंग' मासिकानं गूगल अर्थवरून नव्या लाटा शोधायची स्पर्धा घेतली होती. ती जिंकली कॅलिफोर्नियातल्या ब्रायन गेबल नावाच्या, आपल्याच धंद्यातल्या माणसानं. त्यानं दाखवलेली जागा म्हणजे नामिबियातल्या वाळवंटाच्या काठची, आज स्केलेटन बे म्हणून जगभर गाजलेली लाट. गोष्ट भारीच आहे, मीही ती चार जणांना रंगवून सांगितलीय. पण 2008 मध्ये तिथे जे पाण्यात उतरले त्यांच्यात कोरी लोपेझसारखे जन्म समुद्रात काढलेले लोक होते. आपण गोष्टीतला गूगल अर्थवाला भाग तेवढा उचलतो.

मसिराची गंमत वेगळीच आहे. तिथल्या लाटा उठवतो तो आपलाच मॉन्सूनचा वारा. आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी विषुववृत्त ओलांडायचं, सोमालियावरून वळायचं, ओमानच्या बाजूनं अरबी समुद्र कापायचा आणि भारतात शिरायचं, अशी त्याची वाट. ओमानच्या किनाऱ्याला तो वरचं पाणी लोटून देतो, खालचं थंड पाणी वर येतं, आणि पावसाऐवजी धुकं नि गार हवा मिळते. मसिरा कोरडंठाक राहतं. तोच वारा पुढे आमच्या सोयाबीनला पाऊस देतो. म्हणजे लाटांचा हंगाम जून ते सप्टेंबर, आणि आमच्या घरी मृगापासून पेरणी, डवरणी, फवारणी. माझ्या शिल्लक रजा सहा. आता बोला!

शीटमधला पहिला रकाना पाण्याचा. माणशी रोज 5 लिटर पिण्याचं, म्हणजे चौघांचं चार दिवसांचं 80. गाडीसाठी आणि अडकलो तर म्हणून आणखी 40. मित्र म्हणाला, "एवढं कशाला, हिल्फ गाव आहे की बेटावर." पण उन्हाळ्यात ड्रम भरून ठेवल्याशिवाय झोप न लागणाऱ्या माणसाला हे सांगून उपयोग नाही. मस्कतहून शन्नाच्या धक्क्यापर्यंत दिवसभराचा रस्ता, मग फेरीबोट. समुद्र खवळलेला असताना बोट वेळेवर सुटेलच असं धरून परतीचं विमान ठेवायचं नाही, म्हणून मध्ये एक अख्खा दिवस मोकळा सोडलाय. शन्नाच्या आसपास सबखा म्हणतात तशा खारट सपाट जमिनी आहेत. वरून पापडासारख्या कडक, खाली चिखल. गाडी गेली की रुतली. हे मात्र मला कुणी समजावून द्यायला नको, पावसात आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर कसा बसतो ते पाहिलंय.

आणि किनारा रिकामा असतो हेही खोटंच. मसिरा हे लॉगरहेड कासवांच्या अंडी घालण्याच्या जगातल्या मोठ्या जागांपैकी एक आहे, आणि त्यांचा हंगाम नेमका याच महिन्यांत. आपण वाळूत तंबू ठोकून रात्री दिवे लावायचे आणि वर "इथे कुणी नव्हतं" असं लिहायचं, हे मला पटत नाही. म्हणून मुक्काम हिल्फला, असा रकाना टाकलाय. मित्राला तो अजिबात आवडलेला नाही. "मग लोणावळ्याला जाऊ या," म्हणाला :)

रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते पंख्याखाली बसून बियाण्याच्या पावत्या लावत होते.

"तिथं पाणी पडते काय?"

"नाही बाबा. नुसता वारा."

"मंग लेका, वारा त इथंबी हाये."

थोड्या वेळानं म्हणाले, "जाय. पन पेरा उलटला त माह्याच्यानं एकट्यानं होनार नाही."

गेल्या काही वर्षांत दोनदा दुबार पेरणी केलीय आम्ही. जूनमध्ये पेरलं, पावसानं दडी मारली, जुलैत पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा मजूर. कोरड्या मातीत हात घालून न उगवलेला दाणा उकरून बघताना बाबांचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे.

तर काल शीटमध्ये दोन ओळी वाढवल्या. एक, पाण्यात उतरताना दोन अनुभवी माणसं सोबत नसतील तर मी वाळूवर बसून चहा करणार. दोन, 10 जुलैपर्यंत शेतात उगवण नीट दिसली नाही तर माझं तिकीट रद्द, पैसे गेले तरी चालतील. मित्राला पाठवलीय. त्यानं वाचलंय, उत्तर अजून आलेलं नाही.