उंबर तोडू नका

उंबराला कोणी विचारत नाही. लाकूड घराला टिकत नाही, फळ फोडलं की आत किडे. म्हणून बांध मोकळा करायचा झाला, की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. दत्ताचं झाड म्हणून देवळाजवळचा तेवढा वाचतो. माझ्या मते ओढ्याकाठचा उंबरही वाचला पाहिजे.

जुन्या वाड्याची दगडी कमान पाहा. तिच्या माथ्यावर मधोमध एक दगड असतो. तो काढला, तर बाकीचे दगड कितीही भक्कम असोत, कमान ढासळते. निसर्गातही असे काही जीव असतात. अमेरिकेचे शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६९ साली त्यांना याच दगडाचं नाव दिलं. त्यांनी समुद्रकाठच्या खडकांवरचे तारामासे काढून पाहिले होते. तारामासे शिंपले खातात. खाणारा गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापला आणि इतर कितीतरी जीव तिथून नाहीसे झाले.

आपल्याकडे कमानीच्या दगडाचं काम उंबर, वड, पिंपळ करतात. कधी न दिसणाऱ्या वस्तूला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. पण फुलं असतात, ती फळाच्या पोटात! आतले किडे म्हणजे केंबरं. ती पराग नेतात, म्हणून बी धरतं. केंबरं बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसच जगतं. तेवढ्यात त्याला दुसऱ्या उंबराचं कोवळं फळ गाठावं लागतं. म्हणून सगळे उंबर एकदम फळत नाहीत. कुठला ना कुठला तरी फळलेला असतोच. रानात दुसरं काही पिकलेलं नसतं, तेव्हा हरियाल, तांबट, बुलबुल, वटवाघळं, माकडं त्याच्यावर दिवस काढतात. आणि हीच मंडळी विष्ठेतून कितीतरी झाडांच्या बिया रानभर पेरतात. उंबर गेले, तर पेरणारे कशावर जगतील?

सावलीनं पीक खुरटतं, असं वडीलधारी माणसं म्हणतात. ते खरंच आहे. पण ओढ्याकाठी नि गायरानात नांगर चालत नाही. तिथे उंबर राहिला तर कोणाचं नुकसान? वृक्षारोपणाला आपण गुलमोहर, निलगिरी लावतो. हरियाल आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. फळं खाणाऱ्या त्या पाखराला निलगिरी काय देणार?

पालकहो, आहे तो उंबर तोडू नका, आणि यंदा आम्हाला एक तरी नवा लावू द्या. एक पुरत नाही, हे तर केंबरंसुद्धा सांगतं.

(इयत्ता सातवी)