मांडवातले गाणे आणि मांडवाबाहेरची बाई

हा अंक ज्या घरात फराळाच्या ताटाशेजारी उघडला जाईल, त्यातल्या पुष्कळ घरांत तुळशीचे लग्न उरकले की माणसांच्या लग्नांच्या याद्या सुरू होतील. आचारी कोण, वाजंत्री कोण, आहेर कोणाकोणाला. हल्ली या याद्यांत आणखी एका यादीची भर पडली आहे : नवरी मांडवात शिरताना कोणते गाणे लावायचे? आमच्या जालना जिल्ह्यात तरी या यादीचा निकाल बहुतेक वेळा आधीच लागलेला असतो. अंबडला जा, परतूरला जा, भोकरदनला जा. मंगल कार्यालय कोणतेही असो. चार भाऊ चार काठ्यांवर फुलांची चादर धरतात, तिच्याखालून नवरी हळूहळू पावले टाकते, कुठल्याशा यंत्रातून पांढरा धूर निघतो, आणि कर्ण्यातून 'जीव रंगला' सुरू होते. बायका पदर डोळ्यांना लावतात. मुलीचा बाप खांबाआड जातो.

गाणे वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. शाळामास्तर सिनेमाच्या गाण्यावर लिहायला बसला की तो नाक मुरडणारच, असा आपल्याकडे समज आहे. मी त्या पंथातला नव्हे. माझी मजल मॅट्रिकपर्यंतच गेली. मराठीचे जे थोडेफार वळण मला लागले, ते निम्मे पुस्तकांनी लावले आणि निम्मे रेडिओने. चार कादंबऱ्या लिहूनही मला जे साधले नाही, ते एका सिनेगीताला चार मिनिटांत साधते, हे मी मत्सर बाजूला ठेवून मान्य करतो. भांडण गाण्याशी नाहीच. ते वाजवणाऱ्यांशी आहे, आणि त्यांत मीही आलो.

हे गाणे आले कुठून, ते आधी सांगतो. २००९ साली 'जोगवा' नावाचा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक राजीव पाटील. हा गुणी माणूस २०१३ साली अगदी ऐन उमेदीत गेला. चित्रपटाचा आधार होता राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा. गाणे लिहिले संजय कृष्णाजी पाटील यांनी, चाल अजय-अतुल यांची, आणि गायले हरिहरन व श्रेया घोषाल यांनी. एक तमिळ घरातला, दुसरी बंगाली. पण मराठी शब्द त्यांच्या तोंडी असे बसले की आमच्या वर्गातल्या पोरांनी उच्चार त्यांच्याकडून शिकावेत! ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हरिहरन यांना या गाण्यासाठी, श्रेया घोषाल यांना या आणि एका बंगाली गाण्यासाठी, आणि अजय-अतुल यांना संगीतासाठी पुरस्कार मिळाले. उपेंद्र लिमये यांनाही अभिनयाचा मिळाला. ज्याने शब्द लिहिले, त्याच्या वाट्याला त्या यादीत काही आले नाही. लेखकाची जात ही अशीच, त्याचे मला नवल नाही. असो.

आता या गाण्यातली माणसे कोण? सुली नावाची मुलगी. तिच्या केसांत जट होते आणि गाव ठरवते की यल्लम्माने हिला बोलावले. तिला देवीला सोडतात. ती जोगतीण होते. तायप्पा नावाचा तरुण. त्यालाही देवीचा म्हणून जोगता करतात, लुगडे नेसवतात, बांगड्या भरतात. पुरुषाने पुरुष म्हणून जगायचे नाही आणि बाईने कोणा एकाची बायको म्हणून जगायचे नाही, असा हा देवीच्या नावाने गावाने घातलेला कायदा. या दोघांना एकमेकांची ओढ लागते. ज्यांनी मांडवात कधी उभे राहायचे नाही, असे समाजाने ठरवून टाकले होते, त्या दोघांच्या काळजातून निघालेले हे गाणे आहे.

आणि ते आपण मांडवात वाजवतो!

आठवीच्या वर्गात मी एकदा विचारले, हे गाणे कोणी लिहिले? कोणी अजय-अतुल म्हणाले, कोणी श्रेया घोषाल. मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या ठासून म्हणाला, "यूट्यूबने." एका मुलीला वाटत होते की हे दूरदर्शनवरच्या मालिकेचे गाणे. तिचा काय दोष? २०१६ साली 'तुझ्यात जीव रंगला' नावाची एक मालिका सुरू झाली नि चांगली चार वर्षे घरोघर चालली. तिच्यात ना जट होती ना जोगतीण, होता एक पैलवान नि एक मास्तरीण. मग मी विचारले, जोगवा म्हणजे काय? सारा वर्ग म्हणाला, "पिक्चर!"

ज्या मुलखात दर मंगळवारी-शुक्रवारी कोणीतरी परडी घेऊन दारात उभे राहते, त्या मुलखातली ही मुले. त्यांना हसायला मला तोंड नाही. कारण मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः काय केले, ते ऐका.

लग्न एका तालुक्याच्या गावचे, नात्यातले. अक्षता पडायला अवकाश होता. नवरी चादरीखाली आली, गाणे सुरू झाले, आणि त्याच वेळी कमानीखालून एक आराधीण आत आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर मळवट. वय साठीच्या पुढचे. लग्नघर दिसले की देवीच्या नावाने पसाभर धान्य मागायचे, हा तिचा जुना हक्क. आमच्या आजीच्या वेळी तिला ओटीवर बसवून हळदीकुंकू लावीत. ती बाई चादरीच्या रोखाने दोन पावले आली, तोच चित्रीकरण करणारा पोरगा ओरडला, "अहो, ती बाई मधे येतीया! बाजूला घ्या तिला!" वर आकाशात त्याचे ते भुंग्यासारखे यंत्र फिरत होते. यजमानांपैकी एकजण धावला. "मावशे, पंगत उठू दे, मग ये मागल्या दाराला," असे म्हणत त्याने तिला दंडाला धरून कमानीबाहेर नेले. गाणे थांबले नाही. त्यातले कडवे मात्र पुन्हा पहिल्यापासून लावले गेले, कारण चित्रण बिघडले होते. नवरी पुन्हा मागे जाऊन पुन्हा चालत आली.

अपशकुन म्हणून तिला हाकलले असते, तर मला निदान जुनी चीड आली असती. तसे काही नव्हते. ती तसबिरीत बसत नव्हती, एवढेच. जोगवा मागणारीला 'जोगवा'तल्या गाण्यासाठी बाहेर काढले, आणि मी कूलरसमोरच्या खुर्चीत बसून पाहत राहिलो.

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले, तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "गुरुजी, गाणे गोड आहे, तेवढे पुरे. गाणे एकदा लोकांचे झाले की ते कुठेही वाजते. लावणी फडातून घरात आलीच ना?" मुद्दा वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. गाणी प्रवास करतात. जोगवा हा शब्दच प्रवासाला निघालेला आहे. इथून जवळच्या पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी तो उचलला आणि त्याचे भारूड केले. देवीच्या दारची भीक त्यांनी बोधाची भीक केली. पण एकनाथांनी ती बाई खाली उतरवून नुसती परडी उचलली नाही. वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, ज्या ज्या माणसाला गावाने दाराबाहेर ठेवले किंवा दारावरूनच परत पाठवले, त्याच्या तोंडून ते बोलले. कीर्तनाला बसलेल्या माणसाला त्याचे ऐकावे लागले. आपण नेमके उलट केले आहे. आवाज आत घेतला, माणूस बाहेर ठेवला. याला गाण्याचा प्रवास म्हणत नाहीत, गाण्याची सालपटे काढणे म्हणतात.

दुसरे एक बचावाचे वाक्य असते : "हे सगळे कोल्हापूर-बेळगावकडचे, आपल्याकडे कुठे जोगतिणी?" खरे आहे, सौंदत्तीचा डोंगर आमच्यापासून लांब. परंतु यल्लम्मा म्हणजे रेणुकाच, आणि तिचे माहूर आपल्याच मराठवाड्यात आहे. तुळजापूरच्या भवानीचे आराधी, खंडोबाचे वाघ्या-मुरळी, हे तर आमच्या गल्लीतले. आराधी म्हणजे देवदासी नव्हे, हे मलाही कळते. पुष्कळ आराधी बायका नांदत्या-खेळत्या संसारी असतात. पण मुरळीला देवाची म्हणून सोडली, ती कोणाची पोर होती? सावकाराची खचितच नव्हे.

कायद्याची कथा लांबवत नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, त्यामुळे तो इथे लागूच नव्हता. कर्नाटकाने १९८२ साली देवाला मुली वाहण्यावर बंदी घातली. महाराष्ट्राने प्रथा निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा केला तो २००५चा. म्हणजे आपल्या राज्याचा हा कायदा आणि हे गाणे यांच्या वयात फार तर चार वर्षांचे अंतर. कायदा गावात कोणाला ठाऊक नाही, गाणे सर्वांना पाठ आहे. म्हणून मला गाण्याबद्दल एवढे लिहावेसे वाटते. जे काम राजपत्राला झेपले नाही, ते या चार मिनिटांना झेपले असते. आपण त्याला फुलांच्या चादरीखाली गुदमरवले.

कोणी म्हणेल, मग काय लग्नात हे गाणे लावूच नये? छे! उलट लावा. ज्या दोघांना मांडव नाकारला, त्यांचे गाणे मांडवात वाजणे यासारखी दुसरी भरपाई नाही. पण लावणाऱ्या घरातल्या एका तरी माणसाने नवरा-नवरीला शेजारी बसवून सांगावे की हे कोणाचे गाणे आहे, कोणी लिहिले, कशावरून लिहिले. हळदीच्या रात्री एवढा वेळ असतो. तेव्हाही कोणी विचारील, शुभकार्यात कशाला असली रडगाणी? त्याला म्हणावे, तू डोळ्याला पदर लावतोस तो कशासाठी मग? धुरामुळे?

यंदा मार्गशीर्षात माझ्या पुतणीचे लग्न आहे. गाण्यांची यादी तिनेच केली आणि पहिल्या क्रमांकाला हेच लिहिले. मी तिला बसवून सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, गाणं राहू द्या. पण मग त्या बाईलाही बोलवा." मला वाटले होते, ती गाणे बदलेल.

नवरात्रात अंबडला मत्स्योदरीच्या यात्रेत ती आराधीण मला पायऱ्यांपाशी दिसली. मी ओळख दिली; तिने ती दिली नाही. रोज शंभर मांडवांतून बाहेर काढलेली बाई कोणाकोणाला लक्षात ठेवील? तिला सांगितले, पहिल्या पंगतीला यायचे, पुढच्या दाराने, परडी घेऊन. तिने विचारले, "घरच्यांना इचारलं का?"

विचारले आहे. थोरले दादा म्हणतात, पंगतीला हरकत नाही, पण पहिल्या नको, पाहुणे काय म्हणतील. वहिनी म्हणतात, पहिल्या चालेल, पण गाणे संपल्यावर. चित्रण करणाऱ्याचे अजून ठरायचे आहे. पत्रिका मात्र छापून आली तशी पहिली देवापुढे ठेवली, आणि दुसरी मी तिच्या हातात देऊन आलो.