घाटातली मोटार-शर्यत आणि गावचा रस्ता



गव्हाला पाणी देऊन झाले असेल. नंदुरबारच्या पथारींवर मिरचीचा लाल गालिचा पसरला असेल. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची चालही तुमच्यापैकी कोणी कोणी पाहून आले असेल. शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घोडा येतो, नाहीतर बैलजोडी येते. आज मात्र मोटारींच्या शर्यतीची हकीकत सांगावयाची आहे. ही शर्यत मैदानावर होत नाही. ज्या रस्त्याने एरवी दुधाचे कॅन जातात, ऊस जातो, पोरे शाळेला जातात, त्याच डांबरी रस्त्यावर ती वर्षातून एकदा भरते. ‘आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणून पान उलटू नका. ही गोष्ट जितकी मोटारीची आहे तितकीच रस्त्याची आहे, आणि रस्ता तर आपल्या दारावरूनच जातो.

आधी रॅली म्हणजे काय ते समजून घेऊ. रॅली म्हटले की आपल्याला मोर्चा आठवतो. मोटारींची रॅली निराळी. तीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकामागून एक सुटतात आणि प्रत्येकीचा वेळ घड्याळावर मोजला जातो. गाडीत दोघे बसतात. एक चालवणारा, दुसरा वाट सांगणारा. वाट सांगणाऱ्याच्या मांडीवर वही असते. डावे वळण, पुढे आवळत जाते, मग चढ, चढापलीकडे पूल, असे सगळे तीत आधीच टिपून ठेवलेले असते. चालवणारा समोरचा रस्ता डोळ्यांनी पाहतो आणि त्यापुढचा रस्ता कानांनी ऐकतो. शर्यतीचे टप्पे ठरलेले असतात आणि तेवढाच रस्ता काही तास बंद करतात. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना मात्र तीच गाडी तुमच्याआमच्यासारखी, वाहतुकीचे नियम पाळून चालवावी लागते. पुष्कळ रॅली मातीच्या नाहीतर खडीच्या वाटांवर होतात. काही मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत डांबरावर चालतात. त्यांचीच ही गोष्ट.

या शर्यतींचे मूळ सापडते इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटावर. डोंगराळ मुलूख, लिंबू-संत्र्यांच्या बागा आणि मेंढरांचे कळप. तेथील व्हिन्चेन्झो फ्लोरिओ या श्रीमंत घराण्यातल्या तरुणाने १९०६ साली मादोनी डोंगरातून शर्यत काढली. ‘टार्गा’ म्हणजे इटालियन भाषेत पाटी. विजेत्याला पाटी द्यायची म्हणून शर्यतीचे नाव पडले टार्गा फ्लोरिओ. तेव्हा तेथे डांबर नव्हते. माती, दगड आणि वळणे. सुमारे १४८ किलोमीटरचा फेरा, असे तीन फेरे. पहिल्या वर्षी अलेस्सांद्रो कान्यो हा इटाला गाडी घेऊन जिंकला. त्याला साडेनऊ तास लागले. म्हणजे ताशी सरासरी सत्तेचाळीस किलोमीटर. आज सपाट रस्त्यावर आपली एस.टी. त्याहून जोरात पळते.

पुढे रस्ते डांबरी झाले, गाड्या तेज झाल्या, फेरा लहान होऊन ७२ किलोमीटरचा झाला. वळणे मात्र तीच राहिली आणि रस्ता गावांच्या मधूनच जात राहिला. लोक ओट्यावर, बांधावर, घराच्या गच्चीवर बसून शर्यत पाहत. त्यांचा सगळ्यात लाडका स्पर्धक कोण होता ठाऊक आहे? नीनो व्हाकारेल्ला. पालेर्मो गावचा शाळामास्तर! त्याने १९६५, १९७१ आणि १९७५ अशी तीनदा ही शर्यत जिंकली. गावोगावच्या भिंतींवर लोकांनी त्याचे नाव रंगवले होते. आपल्याच बेटाचा मास्तर जगातल्या नामांकित चालकांना आपल्या घाटात मागे टाकतो, याचे कौतुक कोणाला वाटणार नाही?

पण मंडळी, गाडीचा वेग वाढत गेला आणि रस्त्याची रुंदी तेवढीच राहिली. इटलीतच १९२७ पासून ‘मिल्ले मिल्या’ म्हणजे हजार मैल नावाची दुसरी शर्यत भरत असे. १९५७ साली ग्विदिझोलो गावाजवळ एका गाडीचा टायर फुटला आणि ती बघ्यांच्या गर्दीत शिरली. गाडीतले दोघे आणि रस्त्याकडेचे नऊ जण मेले. त्या नवांमध्ये पाच मुले होती. शर्यत पाहायला आलेली, कडेला उभी असलेली मुले. त्यानंतर ही वेगाची शर्यत बंद झाली. आता त्या नावाने जुन्या गाड्यांची रॅली निघते, पण तीत सर्वांत पुढे कोण पळतो याला किंमत नाही, ठरल्या वेळी कोण पोचतो हे पाहतात. टार्गा फ्लोरिओचेही तेच झाले. १९७७ साली एक गाडी रस्ता सोडून बाहेर गेली, दोन प्रेक्षक दगावले, आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. पुढल्या वर्षापासून तिचे रूप पालटून ती रॅली झाली.

अशी एक स्पर्धा आपल्या उंबऱ्याजवळूनही गेली आहे, बरे का! ती दरसालची नव्हती, पण सांगण्याजोगी आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून ९८ गाड्या सुटल्या, ऑस्ट्रेलियातील सिडनीला जाण्यासाठी. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीला आल्या आणि आग्रा, इंदूर करीत मुंबईला पोचल्या. आग्रा-मुंबई रस्ता म्हणजे शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्यामुळे तेव्हा आपण धुळे जिल्ह्यातच होतो. मुंबईला ७२ गाड्या पोचल्या, तेथून बोटीने ऑस्ट्रेलियात गेल्या, आणि अखेर सिडनीला ५६ पोचल्या. जिंकला कोण? अँड्र्यू कोवन, स्कॉटलंडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याची हिलमन हंटर गाडी काही सर्वांत वेगवान नव्हती. शेवटच्या टप्प्यात पुढे असलेल्या सिट्रोएनला समोरून येणारी गाडी धडकली आणि ती बाद झाली. गाडी जपून, न मोडता आणणारा कोवन पहिला आला. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आपणही बैलाला पहिल्याच तासात दमवीत नाही. १९७७ साली पुन्हा लंडन-सिडनी झाली, तीही त्यानेच जिंकली.

पुढे १९८० ते १९९० या काळात आपल्या देशात हिमालयन रॅली भरत असे. नाझिर हुसेन यांनी ती उभी केली. परदेशचे नामांकित चालक तीत आले, आणि आपल्याकडील तरुणांनाही हा खेळ जवळून पाहावयास मिळाला.

आता येऊ टास्मानियाला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील हे बेट. सफरचंद, बटाटे, मेंढ्या, आणि औषधासाठी परवान्याने केलेली अफूची शेती. अशा शेतीच्या मुलुखात १९९२ साली सिसिलीच्या शर्यतीचे नाव घेऊन ‘टार्गा टास्मानिया’ सुरू झाली. साऱ्या बेटाला वळसा घालणारी, अनेक दिवस चालणारी, सगळी डांबरावरची. पहिल्या वर्षी ग्रेग कार लान्चिया गाडीत जिंकला. पुढे जिम रिचर्ड्स याने आठ वेळा विजय मिळवला. जॉर्ज टाउनसारख्या लहान गावात गल्ल्यांतूनच एक टप्पा होई आणि सारे गाव पाहायला लोटे. नवी जुनी सर्व तऱ्हेची गाडी तीत चाले. ठरल्या वेळेत सर्व टप्पे पार करणाऱ्याला, तो विसावा आला तरी, टार्गाची पाटी मिळे. यात्रेत प्रत्येकाला प्रसाद मिळावा, तसेच.

अशी तीस वर्षे गेली. मधूनमधून अपघात होत होते. २०२० साली करोनामुळे स्पर्धा भरली नाही. २०२१ साली मात्र दोन दिवसांत दोन अपघात झाले आणि तीन स्पर्धक मरण पावले. चौकशी झाली, नियम कडक केले गेले. २०२२ साली पुन्हा एक चालक गेला. मग तेथील मोटार-क्रीडा संस्थेने डांबरावरच्या अशा रॅलींना मंजुरी देणे थांबवले आणि २०२३ साली टार्गा टास्मानिया भरलीच नाही.

असे का झाले असावे? मातीच्या रस्त्यावर चाक घसरते, म्हणून चालक आपोआप वेग आवरतो. डांबर चाकाला धरून ठेवते, त्यामुळे धीर वाढतो आणि वेगही वाढतो. पण रस्त्याच्या कडेला झाड उभे असते, खांब असतो, दरी असते. ती स्पर्धा एप्रिल-मेमध्ये भरे, म्हणजे तिकडचा पानगळीचा काळ. सावलीतला ओला पट्टा, पडलेली पाने. तेवढ्यावर धरलेले चाक सुटते. आपल्या घाटात पहिल्या पावसात हेच होते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

आता आपल्या दारची गोष्ट. तोरणमाळचा सातपायरीचा घाट पाहून कोणाच्या मनात येईल, इथे अशी रॅली झाली तर काय बहार! मलाही त्यात वावगे वाटत नाही. पाहुणे येतील, चार पैसे मिळतील, आपली पोरेही शिकतील. पण रस्ता बंद करणे ही लहान गोष्ट नव्हे. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन तिचा पती घाटातून पायी निघाला. तिचे प्राण वाचले नाहीत. डोंगरातल्या माणसाला रस्त्याची किंमत अशी कळते.

म्हणून कोणी आयोजक आला, मोटारींची असो की सायकलींची स्पर्धा घेऊन, तर ग्रामसभेत त्याला बसवा आणि नीट विचारा. रस्ता किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद राहील? त्या वेळात बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रोगी निघाला तर शर्यत थांबवून वाट कोण देणार, आणि निरोप कोणाकडे द्यायचा? रुग्णवाहिका कोठे उभी राहील? गुरे, शाळा, बाजाराचा दिवस यांचा विचार केला आहे का? दगावलेल्या जनावराची, मोडलेल्या कुंपणाची भरपाई कोण करील? उत्तरे लेखी घ्या. ती देता येत नसतील तर पाहुण्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि पाहायला गेलात तर एक ध्यानात ठेवा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. भरधाव बैलगाडी वळली की माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो ना, मोटारही तशीच बाहेर जाते. रस्त्यापासून लांब आणि उंचावर उभे राहा, आणि पोरांचा हात सोडू नका.

बिनापरवाना, उघड्या रस्त्यावर, मोबाईलवर चित्रफीत काढण्यासाठी घाटात दुचाक्या पळवणारी पोरे आपल्याही गावात आहेत. त्यांना ही हकीकत वाचून दाखवा. डोक्यावर शिरस्त्राण, गाडीत लोखंडी पिंजरा, बंद रस्ता, जागोजागी पहारा, एवढे सगळे असूनही टास्मानियात माणसे गेली. यांच्याकडे तर त्यातले काहीच नसते, आणि समोरून येणारा असतो कोणीतरी बाजाराहून परतणारा, मागे लेकरू बसवलेला.

बाकी सर्व क्षेम. पुढल्या अंकी भेटूच.