आधी पाकीट उलटं करा

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात राहणारी आम्ही काही गिऱ्हाइकं हा जाहीरनामा काढत आहोत. चळवळीला अजून नाव नाही, अध्यक्ष नाही आणि पावतीपुस्तक तर छापणारच नाही. ठरवलंय ते एवढंच: घरात येणारं खाणं, कपडे आणि रोजच्या वापराच्या वस्तू आधी आपल्या जिल्ह्यातल्या बघायच्या, तिथे नसतील तर राज्यातल्या, तिथेही नसतील तर देशातल्या. औषधं आणि मोबाइल यांना तूर्त सूट.

हा पट्टा नुसता रात्री झोपायला येणाऱ्यांचा नाही. एमआयडीसी 1962 साली सुरू झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. त्याच्या कितीतरी आधी, 1925 साली, ठाण्यात रेमंडची गिरणी आली; आज त्या जागेवर टॉवर आहेत. डोंबिवलीत रंग, रसायनं, कापडप्रक्रिया, यंत्रांचे सुटे भाग, सगळं होतं. त्याचा प्रसादही मिळतो. डोंबिवलीकरांनी 2014 साली हिरवा पाऊस पाहिला, 2020 साली गुलाबी रस्ता पाहिला, मे 2016 आणि मे 2024 मध्ये स्फोटांनी घराच्या काचा फुटताना पाहिल्या. आमच्या नाकाला एमआयडीसी चांगली ओळखीची आहे, पिशवीला नाही. देशी कारखान्याचं कौतुक म्हणजे त्याच्या नाल्याकडे आणि बॉयलरकडे काणाडोळा, असं आम्ही मानत नाही. उलट ज्याचा माल घेऊ, त्याला जाबही विचारू.

भिवंडीचंच बघा. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागांची खटखट इतकी की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मागावरून उतरतं ते कोरं कापड. रंग, छपाई आणि नाव त्याच्यावर दुसरीकडे चढतं. म्हणून भिवंडीच्या कापडाचा शर्ट घालून लोकलला लटकणाऱ्याला आपण काय घातलंय ते ठाऊकच नसतं. त्याच भिवंडीत ऑनलाइन कंपन्यांची अवाढव्य गोदामं आहेत. मोबाइलवर मागवलेला परदेशी बनावटीचा शर्ट तिथून निघतो आणि मागांच्या शेडवरून आमच्या दारात येतो. उल्हासनगरची गंमत वेगळीच: जीन्स इथे शिवायची आणि पट्टी परदेशी वाटेल अशा नावाची लावायची, कारण गिऱ्हाइकाला तीच हवी. यात शिवणाऱ्याचा दोष निम्मा, उरलेला आमचा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे पाकीट उलटं करणं. समोरच्या बाजूला तिरंगा असेल, मोराचं चित्र असेल. त्यावर जाऊ नका. मागे बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, आणि पुष्कळदा ‘मार्केटेड बाय’चा पत्ता एक, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’चा दुसराच. आपल्याला दुसरा हवा. माल बाहेरचा असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि मूळ देश छापणं बंधनकारक आहे. व्हॉट्सॲपवर फिरतं ते ‘बारकोड 890 ने सुरू झाला की वस्तू भारतीय’ हे मात्र साफ चुकीचं. त्या आकड्यावरून कंपनीने बारकोड भारतातून घेतला एवढंच कळतं; वस्तू कुठेही बनलेली असू शकते.

शंभर टक्के स्वदेशीचा हट्ट धरणार नाही, कारण तो धरला तर चिवडासुद्धा सुटेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यात पामतेल मोठं. तूरडाळीतही म्यानमार आणि मोझांबिकची तूर असते. जमेल तिथे वाड्याचा कोलम, मुरबाड-शहापूरची भाजी, शेजारच्या बाईंच्या हातची भाजणी घ्यावी. नाही जमलं तर उपास करू नये.

पुण्यात 1905 साली विदेशी कपड्यांची होळी झाली. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू चिरडले गेले. त्या लोकांपुढे आमचं काम फारच बेताचं आहे, याची जाणीव आहे. आम्ही होळी करणार नाही. इथे धूर आधीच पुरेसा आहे. कुणाच्या दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाईक परतवणार नाही. आणि माल कुठे बनला हे विचारू, पण बनवणाऱ्याची जात, धर्म, आडनाव नाही. मागावर उभा राहणारा भिवंडीचा मोमीन, फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात येऊन धंदा उभारणारा सिंधी, पापड लाटणारी बचत गटातली मावशी, तिघंही आमच्या हिशेबात एकाच रांगेत. ज्यांना या चळवळीच्या नावाखाली शेजाऱ्याला वाळीत टाकायचं असेल, त्यांनी दुसरी चळवळ काढावी.

देशी आहे म्हणून भुसकट मालही खपवून घेणार नाही. पहिल्या धुण्यात रंग सोडणारा पंचा परत नेऊन देऊ. पण चांगला निघाला तर पुन्हा त्याच्याकडेच जाऊ, आणि रोख देऊ. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 साली परळच्या घरात दंतमंजन करून दारोदार विकलं. पुढे त्यांच्या विकोचा कारखाना डोंबिवलीत आला. मधल्या काळात कोणीतरी दार उघडून पहिला डबा घेतला असणार. तसं दार उघडणारी माणसं आज कमी पडताहेत.

शाळांकडे मागणी आहे: गणवेशाचं कापड भिवंडीचं आणि शिलाई उल्हासनगर-कल्याणची का नसावी, ते पालकसभेत सांगा. सोसायट्या आणि कार्यालयांनी दिवाळीच्या भेटवस्तू बचत गटांकडून घ्याव्यात आणि बिल वेळेत चुकतं करावं. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देण्याचा कायदा 2006 पासून आहे. चकलीवालीला मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात.

सुरुवात या महिन्याच्या वाणसामानापासून. साबण, मसाला, खराटा, चादर, पायपुसणं: प्रत्येकाच्या मागचा पत्ता वाचून यादी करा आणि सोसायटीच्या फलकावर लावा. नोंद चुकली असेल तर शेजाऱ्याने खोडून शेजारी बरोबर लिहावी. पेन दोरीला बांधून ठेवा, नाहीतर जाईल.