वारसा यादी आणि घराची मालकी

वैतरणा नदीपासून तारापूरपर्यंतच्या जुन्या गावांत वडिलार्जित घराचा विषय निघाला की एक धास्ती हमखास व्यक्त होते : वास्तू ‘वारसा’ ठरली तर हातची गेली. वस्तुतः यादीत नाव लागल्याने मालकी जात नाही. विनापरवाना पाडकामाला मात्र आळा बसतो.

मुंबईत १९९५ साली लागू झालेल्या वारसा नियमावलीत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीतील वास्तूच्या मूळ रूपात सहसा बदल करता येत नाही. दुसरीत अंतर्गत फेरफारांना वाव असतो. तिसरीत परवानगीने बाह्य बदलही होऊ शकतात. निर्बंधांमुळे वापरता न आलेल्या चटई क्षेत्राच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क मिळण्याचीही तरतूद आहे.

अन्यत्र आधार आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. त्यानुसार नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात, तसेच गावांसाठीच्या प्रादेशिक योजनेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांच्या सूचना व हरकती मागविल्या जातात. घरमालकासाठी हीच वेळ मोलाची.

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जिंकलेल्या तारापूरच्या किल्ल्याची नोंद इतिहासाने ठेवली. पण ओटी, माळा आणि लाकडी खांबांच्या पेढीची नोंद कुटुंबानेच पुढे मांडावी लागते. बांधकामाचा काळ, जुनी छायाचित्रे आणि मिळकतीची कागदपत्रे एकत्र करून ठेवणे हे त्याचे पहिले पाऊल. वहीत न मांडलेली ठेव हिशेबात धरली जात नाही.