ईलिंगच्या खिडकीतून : एकशे दोन वर्षांचा कुंभार

नातवाच्या शाळेत ‘व्हिक्टोरियन डे’ होता. इकडच्या प्रायमरी शाळांतलं हे नेहमीचं प्रकरण. जुने कपडे घालून जायचं, पाटीवर लिहायचं, लोणी घुसळायचं. वर्गातली मुलं धुराडी साफ करणारी पोरं होणार, मुली मोलकरणी. आमचे चिरंजीव विचारतात, "आजोबा, आपण होतो का तेव्हा इथे?"

होतो की, म्हटलं. चल, दाखवतो.

ईलिंग ब्रॉडवेला डिस्ट्रिक्ट लाइन पकडली की थेट साउथ केन्सिंग्टन. आज इम्पीरियल कॉलेज आहे त्या परिसरात ४ मे १८८६ रोजी राणीनं ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ उघडलं. नोव्हेंबरपर्यंत पन्नास लाखांवर माणसं लोटली. हिंदी राजवाड्यात शिरायचं ते ग्वाल्हेरच्या कोरीव दगडी दरवाजातून. तो दिलेला आपल्या शिंदे सरकारांनी. लंडनकर त्याखालून जात होते आणि त्याच जूनमध्ये जयाजीराव तिकडे वारले!

आत चौकात विणकर, गालिचेवाले, कुंभार दिवसभर बसून काम करत. लोक कडं करून बघत. सांगायचं, हे पिढीजात कारागीर. खरं म्हणजे त्यातले बरेचसे आग्ऱ्याच्या तुरुंगात कसब शिकलेले कैदी, तिथले सुपरिंटेंडेंट डॉ. टायलर यांनी आणलेले. (राणीच्या मुन्शी अब्दुल करीमला १८८७ साली धाडणारे तेच हे टायलर.) प्रदर्शनाच्या कामासाठी आलेले त्रैलोक्यनाथ मुखर्जी चांगले शिकलेसवरलेले अधिकारी, पण लोक त्यांनाही निरखून बघत. १८८९ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी हे मिस्कीलपणे लिहून ठेवलंय.

या कारागिरांत बक्षीराम नावाचा कुंभार होता. वय म्हणे एकशे दोन! राणीनं रुडॉल्फ स्वोबोडाकडून त्याचं चित्र काढून घेतलं. आईल ऑफ वाइटला ऑस्बोर्न हाउसमध्ये गेलात तर जरूर पाहा. पांढरी दाढी, आणि डोळे असे की आपणच नजर खाली घालावी.

"मी बक्षीराम होणार," नातू म्हणाला.

मी गप्प. १९७४ साली ऑफिसच्या नाताळ-पार्टीला साहेबांनी हिला ‘मुद्दाम साडीच नेसून या’ म्हणून निरोप दिला होता. तिथे जो तो पदर हातात घेऊन बघत होता, एकीनं तर कुंकवाला बोट लावून पाहिलं. घरी आल्यावर ही रडली होती. आता नातवाला मी आपण होऊन मध्ये बसवू? म्हटलं, बाळ, तू आपला धुराडेवाला हो.

तर हीच आतून म्हणाली, "होऊ दे त्याला कुंभार. पण नाव सांगायचं हं, नुसतं ‘इंडियन पॉटर’ नाही." आणि माझं जुनं धोतर तिनं कात्रीनं अर्धं केलं. विचारलंसुद्धा नाही!

धोतर सात सेफ्टी पिनांवर दिवसभर टिकलं. मडकं मात्र कलंडलं. बाईंनी विचारलं, हाऊ ओल्ड आर यू? चिरंजीवांनी कापसाची दाढी सावरली नि खणखणीत सांगितलं, "माय नेम इज बक्षीराम. आय ॲम वन हंड्रेड अँड टू."