दिसायला धडधाकट

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये बाया दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. वरून पाऊस, पायाखाली गार पाणी. मध्येच सांधे धरून धुऱ्यावर बसलेल्या बाईला ‘कामचुकार’ ठरवायला वेळ लागत नाही. ती सिकलसेलची रुग्ण असेल, ही शंका सहसा कुणाला येत नाही. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा उठतात. थंडी आणि अतिश्रम हे त्याला निमित्त ठरतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

पूर्व विदर्भाला हे दुखणे नवे नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा नागपूरच्या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’ने 1958 सालीच छापला होता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून 21 केले, त्यांत सिकलसेल आला. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे कायद्यानेही यांना अर्धेच ओळखले! त्याच कायद्याच्या कलम 92 नुसार दिव्यांगाचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड होतो. पण एसटीत सवलतीचे कार्ड काढताच शेजारचा प्रवासी ‘दिसायला तर धडधाकट आहेस’ म्हणाला, म्हणून ठाण्यात कोण जाणार? उद्या पुन्हा त्याच गाडीने जायचे असते.

‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये सुचवला. महाराष्ट्राने 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. पाट्या बदलल्या, हे चांगलेच झाले. खिडकीपलीकडची सवय तेवढ्याने बदलत नाही. व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःचा अर्ज स्वतः घेऊन आलेला असतो आणि साहेब मागे उभ्या भावाला विचारतात, ‘यांचं नाव काय?’ अंध व्यक्तीला न विचारता दंडाला धरून रस्ता पार करवणारेही याच जातीचे. त्यांचा हेतू चांगला असतो, हे खरे. ‘हात देऊ का?’ एवढे विचारायला कितीसा वेळ लागतो?

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतील. तोतऱ्या किंवा लंगड्या पात्रावर हशा पिकवणे ही मराठी रंगभूमीची जुनी युक्ती. ‘आँख मिचौली’ चित्रपटातल्या अशाच विनोदावरून दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा 8 जुलै 2024 रोजी न्यायालयाने चित्रपटाला हात लावला नाही. पण अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद यांत स्पष्ट भेद केला. झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांनी यंदा तालमीतच तो भेद तपासावा. तिकीट काढून बसलेल्यांत काठी टेकत आलेला प्रेक्षकही असतो आणि कसलेल्या विनोदी नटाला त्याच्या चालीची नक्कल करावी लागत नाही.

ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. ती मंडपात रांग लावून, सत्काराच्या थाटात वाटू नये; थेट खात्यात जमा करावी. तीनचाकी सायकलवर बसवून पुढाऱ्यांच्या गराड्यात छायाचित्र काढण्याची प्रथा तर ताबडतोब थांबायला हवी. वृत्तपत्रांनीही, त्यात आम्हीही आलो, असे छायाचित्र छापण्याआधी ज्याची सायकल त्याची संमती घेतली आहे का, हे पाहावे.